गाय गाभडली? उघड्या हाताने वार काढू नका!
ब्रुसेलोसिस : गोठ्यातून घरात येणारा आजार आणि तो रोखण्याचे उपाय

जालना : सात-आठ महिन्यांची गाभण गाय अचानक गाभडते. वार अडकते. घरातलेच कुणीतरी ती उघड्या हाताने ओढून काढते. मेलेले वासरू उकिरड्यावर जाते आणि कुत्री ते शिवारभर ओढत नेतात. काही आठवड्यांनी वार काढणाऱ्यालाच ताप भरतो. या दोन घटनांचा संबंध बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

नेमका आजार काय?
‘ब्रुसेला’ जिवाणूमुळे होणाऱ्या या आजाराला ‘सांसर्गिक गर्भपात’ असेही म्हणतात. गाई-म्हशींना होतो, तसाच शेळ्या-मेंढ्यांनाही होतो. माणसात चढउतार होणारा ताप, रात्री दरदरून घाम, कंबर व सांधेदुखी, थकवा ही लक्षणे दिसतात. पुरुषांमध्ये वृषणाला सूज येऊ शकते. लक्षणे टायफॉइड, क्षयासारखी असल्याने निदान लांबते. त्यामुळे घरी जनावरे असतील तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. रक्ततपासणीत आजार कळतो. उपचार साधारण सहा आठवडे चालतात. बरे वाटले म्हणून गोळ्या मध्येच सोडल्यास तो उलटतो.

कसा पसरतो?
गाभडलेले वासरू, वार आणि स्राव यांत जिवाणू प्रचंड संख्येने असतात. हाताच्या जखमेतून, डोळ्यांतून किंवा श्वासातून ते शरीरात शिरतात. दुसरी वाट कच्च्या दुधाची. जालना शहरातील मस्तगडसारख्या वस्तीत दारात गोठा नसला, तरी घरात सुटे दूध येऊ शकते. ते नीट उकळले की जिवाणू मरतात. खरवसही पूर्ण शिजवूनच खावा. माणसाकडून माणसाला लागण क्वचितच होते.

दुधाचा धडा जुना आहे. ब्रिटिश लष्करी डॉक्टर डेव्हिड ब्रूस यांनी १८८७ मध्ये माल्टा बेटावर हा जिवाणू शोधला. तो शेळीच्या दुधातून येतो, हे १९०५ मध्ये उघड झाले. पुढच्या वर्षी सैनिकांना ते दूध देणे बंद झाले आणि रुग्ण झपाट्याने घटले.

लस कुणाला?
४ ते ८ महिन्यांच्या कालवडी आणि पारड्यांना. आयुष्यात एकदाच. नर वासरांना व गाभण जनावरांना ही लस देत नाहीत. लस जिवंत जिवाणूची असल्याने टोचणाऱ्यानेही हातमोजे, मास्क व चष्मा वापरावा लागतो. केंद्र सरकारने सप्टेंबर २०१९ मध्ये लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेलोसिससाठी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. २०३० पर्यंत निर्मूलनाचे उद्दिष्ट आहे.

लसीवरच भर का?
ऑस्ट्रेलियाने लसीकरणासोबत बाधित जनावरे कळपातून काढून कत्तलीला पाठवली आणि १९८९ मध्ये गाईंमधील हा आजार संपवला. महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदी असल्याने तो मार्ग बंद आहे. बाधित गाय दावणीलाच राहते, नाहीतर बाजारात विकली जाते. विकली, तर आजारही नव्या गोठ्यात जातो. विकत घेणारा शेतकरी मात्र अंधारात असतो.

गाय गाभडल्यास काय कराल?
• तिला लगेच वेगळे बांधा. गरोदर महिला व मुलांना दूर ठेवा.
• वार स्वतः ओढू नका, पशुवैद्यकाला बोलवा. फिरत्या पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे.
• हातमोजे घालून वासरू, वार व मळलेला चारा खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. जागा निर्जंतुक करा.
• रक्ततपासणी होईपर्यंत गाय विकू नका.
• नवे जनावर तपासूनच गोठ्यात घ्या.

२००९ च्या केंद्रीय कायद्यानुसार अशा आजाराची शंका आल्यास ग्रामपंचायतीला किंवा पशुवैद्यकाला कळवणे ही मालकाची जबाबदारी आहे. गाभडलेली गाय लपवल्याने नुकसान टळत नाही. ते शेजारच्या दावणीला आणि आपल्याच घरात पोचते.