घराचा कौल

रत्नागिरीच्या माणसाला 'कौल' शब्दाचा अर्थ विचारा. तो आधी छपराकडे बोट दाखवील, मग देवळाकडे. छपरावर मंगलोरी कौले असतात आणि अडल्या कामाला ग्रामदेवतेचा कौल घेतात. तिसरा अर्थ आता जुन्या दप्तरांतच उरला आहे. सरकार ठरावीक मुदतीने व अटींवर जमीन लावून देई, त्या करारालाही कौल म्हणत. देवाचा कौल आणि जमिनीचा कौल यांचे कूळ एकच. अरबीत 'कौल' म्हणजे दिलेला शब्द. जमिनीच्या बाबतीत दिलेल्या शब्दाला मुदत असते, हे मात्र आपण सोयिस्करपणे विसरतो.

हे सारे आठवायला निमित्त झाले आमच्या शेजारचे अण्णा. जन्मभर चाकरमानी. पोटाला चिमटा घेऊन त्यांनी वाशीत लहानशी सदनिका घेतली, मुले वाढवली आणि निवृत्तीनंतर गावचे घर गाठले. पुढे पत्नीच्या शस्त्रक्रियेसाठी पैसा हवा म्हणून सदनिका विकायला काढली. गिऱ्हाईक मिळाले, भाव ठरला, आमच्याकडे पेढेही आले. आणि आठ दिवसांनी अण्णा ओटीवर येऊन बसले ते उतरल्या चेहऱ्याने.

"सर, इतकी वर्षं ज्या घराला माझं म्हटलं, ते माझं नाही म्हणे!"

झाले होते ते असे. गिऱ्हाइकाला वीस वर्षांच्या मुदतीचे कर्ज हवे होते. बँकेने कागद तपासले. जमिनीचा पट्टा १९७९ सालचा, साठ वर्षांचा. म्हणजे २०३९ पर्यंतचा. कर्ज फिटण्याआधीच पट्टा संपणार! बँकेने मान हलवली आणि गिऱ्हाईक गेले.

यात अण्णांना कोणी फसवले नव्हते. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. नवी मुंबईतली जमीन तिने कायमची विकली नाही, साठ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिली. म्हणजे भिंती आपल्या, भुई मुदतीची. करारात हे स्वच्छ लिहिलेले असते. पण नव्या घराच्या आनंदात करार कोण वाचतो? तो कपाटात जातो, आणि वर पत्रिका, दाखले, पावत्या यांचा थर चढतो.

साठ किंवा नव्व्याण्णव हे आकडे घर घेताना अनंत वाटतात, हेही खरे. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ साली मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याचे काही भूखंड ९९ वर्षांच्या, तर काही ९९९ वर्षांच्या पट्ट्याने दिले गेले. त्याच १८९८ साली इंग्रजांनी हाँगकाँगलगतचा मुलूख चीनकडून ९९ वर्षांच्या पट्ट्याने घेतला. त्या वेळी सही करणाऱ्यांना १९९७ साल पंचांगात तरी दिसले असेल काय? पण ते उजाडले, आणि साम्राज्यालाही किल्ल्या परत कराव्या लागल्या. मग आपल्या दोन खोल्यांची काय कथा!

मुदत संपली म्हणजे दुसऱ्या दिवशी सामान रस्त्यावर येते असे नाही. परंतु १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे, मुदतीनंतर मालकाने भाडे स्वीकारले आणि वेगळा करार नसला, तर राहत्या घराचा पट्टा महिन्यामहिन्याचा होतो. पट्टेदार होता तो महिन्याचा भाडेकरू झाला! इंग्लंडात १९९३ च्या कायद्याने पट्ट्यावरील सदनिकाधारकाला, कायद्याने ठरणारी किंमत मोजून, ९० वर्षे वाढवून मागण्याचा हक्क दिला. आपल्याकडे असा सरसकट हक्क नाही. पट्ट्यात नूतनीकरणाचे कलम आहे काय, आणि जमीनमालकाने कोणते धोरण ठरवले आहे, यावर सारे अवलंबून.

वाटा निघतात, पण त्या वेळेवर धराव्या लागतात. डिसेंबर २०१८ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने एकरकमी शुल्क घेऊन सिडकोचे पट्टे साठांवरून ९९ वर्षांवर नेण्यास मान्यता दिली. मग अण्णांचे घोडे अडले कोठे? त्यांच्या इमारतीत पट्टा संस्थेच्या नावाचा होता. अर्ज संस्थेनेच करायचा. त्यासाठी सर्वसाधारण सभेचा ठराव हवा, वर्गणी हवी, आणि शेवटी मुद्रांक भरून दस्त नोंदवायला हवा. विषय सभेपुढे आला होता. "अजून वीस वर्षं आहेत, घाई कसली?" असे कोणी म्हणाले आणि तो पुढे ढकलला गेला.

"पुढे ढकला म्हणून हात वर केले त्यांत मीही होतो, सर," अण्णा हळूच म्हणाले.

शस्त्रक्रिया झाली. घरातले सोने मोडून झाली. वहिनी आता अंगणात फिरतात. हातांत काचेच्या बांगड्या तेवढ्या आहेत. अण्णा मात्र दर महिन्याला वाशीची गाडी पकडतात, संस्थेच्या सभासदांची दारे ठोठावतात. निम्म्यांना पट्टा म्हणजे काय हेच ठाऊक नव्हते, असे सांगतात.

वाचकहो, दिवाळीची साफसफाई करताना कपाट उघडालच. तळाशी घराचा करार असेल. मालक कोण, पट्टा कोणत्या सालापासून, किती वर्षांचा, वाढवण्याचे कलम आहे काय आणि पट्टा कोणाच्या नावाचा, एवढे पाच प्रश्न त्याला विचारा. देवाचा कौल घ्यायला गुरव लागतो. हा कौल चष्मा लावला की वाचता येतो.