निकालाची शेकडेवारी आणि मुलांची प्रगती

'शेकडा ८६ मुले उत्तीर्ण' असे वाचले की शाळा चांगली आणि 'शेकडा २४' वाचले की वाईट, असा निवाडा देऊन आपण मोकळे होतो. हा निवाडा कितपत खरा धरावा, एवढाच आजचा प्रश्न आहे. उदाहरण घेऊ ते अमेरिकेतील अटलांटा शहरातल्या पार्क्स मिडल स्कूलचे. मिडल स्कूल म्हणजे साधारणतः सहावी ते आठवीची शाळा.

प्रथम प्रमाणित कसोटी म्हणजे काय ते पाहू. शाळेच्या नेहमीच्या परीक्षेत प्रश्न शिक्षकांचे, तपासणारेही तेच. प्रमाणित कसोटीत राज्यातील सर्व मुलांना सारख्याच तोलाचे प्रश्न, सारखाच वेळ आणि गुणदानाची एकच रीत असते. त्यामुळे दोन गावांतील मुलांची तुलना करता येते. हेतू उत्तम आहे. परंतु कसोटी झाली तरी ती शितावरून केलेली भाताची परीक्षा होय. शिते कोठून उचलली जाणार हे आधीच कळले आणि तेवढीच शिजवली, तर बाकीचा भात कच्चा राहतो.

आता शेकडेवारीकडे वळू. शंभर मुले परीक्षेला बसली आणि उत्तीर्ण होण्याची रेषा ४० गुणांची आहे, असे समजा. ३९ गुण मिळवणारी दहा मुले पुढल्या खेपेस ४१ वर गेली, तर निकाल एकदम शेकडा दहांनी वाढतो; सरासरी मात्र केवळ ०.२ गुणाने वाढते. उलट, दहा गुणांवर अडलेली दहा मुले तीस गुणांपर्यंत आली, तर सरासरी दोन गुणांनी वाढते आणि निकाल जागचा हलत नाही! म्हणजे खरे कष्ट जेथे झाले, तेथे आकडा मुका राहतो. साहजिकच आकड्यावर नोकरी अवलंबून असलेल्या शिक्षकाचे लक्ष रेषेलगतच्या मुलांकडे जाते. फार मागे पडलेला मुलगा मागेच राहतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. यंदाची आठवी आणि गेल्या वर्षीची आठवी ह्यांत मुलेच वेगळी असतात. लहान शाळेत चार-पाच मुलांच्या फरकानेही निकाल बराच खालीवर होतो.

असा हा नाजूक आकडा. त्याच्यावर अमेरिकेने फार मोठा भार टाकला. जानेवारी २००२ मध्ये 'नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड' हा कायदा झाला. तिसरी ते आठवीच्या मुलांची वाचन आणि गणित ह्या विषयांत दरवर्षी कसोटी घ्यावयाची, आणि २०१४ पर्यंत सर्वच्या सर्व मुले रेषेपलीकडे न्यावयाची, असे ठरले. मागे राहणाऱ्या शाळांवर वाढती कारवाई होती. अटलांटाच्या शिक्षणखात्याने आपली उद्दिष्टे त्यावर आणखी चढवली.

पार्क्स शाळेत २००५ साली आठवीच्या गणितात शेकडा २४ मुले रेषेपलीकडे होती. २००६ साली ती ८६ झाली. सर्वत्र वाहवा झाली. पुढे उत्तरपत्रिका तपासणाऱ्या यंत्राने वेगळीच हकीकत सांगितली. पेन्सिलीची खूण खोडली तरी पुसट डाग राहतो आणि यंत्राला तो दिसतो. चुकीचे उत्तर खोडून बरोबर केलेले, असे डाग एखाद्या मुलाच्या कागदावर थोडे असणारच. पण वर्गच्या वर्ग अशा डागांनी भरलेले निघाले, तर तो योगायोग म्हणता येत नाही. राज्यपालांनी नेमलेल्या चौकशीचा अहवाल जुलै २०११ मध्ये आला. ४४ शाळांत गैरप्रकार आढळले. १७८ शिक्षक व मुख्याध्यापक त्यांत गुंतलेले होते. पार्क्स त्यांतलीच एक शाळा होती. २०१५ साली अकरा जणांना न्यायालयाने दोषी ठरवले.

परंतु खरे नुकसान झाले ते मुलांचे. शाळा सुधारली असे कागदोपत्री दिसताच मागासलेल्या शाळेला मिळणारी जादा मदत थांबली. ज्याला वाचता येत नव्हते, त्याला 'तुला येते' असे सांगून पुढल्या वर्गात पाठवण्यात आले. डोनाल्ड कँबेल ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७० नंतरच्या दशकातच इशारा देऊन ठेवला होता की, एखाद्या मापावर जितके अधिक निर्णय टांगावेत, तितके ते माप बिघडते आणि जे मोजायचे तेही बिघडवते.

मग कसोट्या टाकून द्याव्यात काय? मुळीच नव्हे. माप नसेल तर गरिबांच्या मुलांची उपेक्षा कोणाच्या नजरेसच येणार नाही. अमेरिकेतच देशभरातील थोड्या निवडक मुलांची एक कसोटी कित्येक वर्षे घेतली जाते. तिच्यात कोणा एका शाळेचा निकाल लागत नाही. म्हणून खाडाखोड करण्याचा मोह कोणाला होत नाही. २०१५ च्या अखेरीस जुना कायदा जाऊन नवा आला. त्यात कसोट्या राहिल्या, परंतु शाळेची पारख केवळ गुणांवर करू नये असे ठरले.

आपल्याकडेही शिष्यवृत्ती परीक्षेच्या यशाचे फलक शाळांच्या दारावर लागतात. ते वाचताना तीन प्रश्न विचारावेत. वर्गातील किती मुले परीक्षेला बसली? अमेरिकन कायद्याने शेकडा ९५ मुलांची हजेरी सक्तीची केली होती, ती दुबळ्या मुलांना घरी ठेवू नये म्हणूनच. दुसरा प्रश्न, सरासरी किती वाढली? आणि तिसरा, सर्वांत मागे असलेली मुले गेल्या वर्षी कोठे होती आणि आज कोठे आहेत? ह्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर जी शाळा देऊ शकते, तिचा फलक लहान असला तरी तिच्यावर विश्वास ठेवण्यास हरकत नाही.