चाळिशी आली, आता घरी बसा!

वयाची चाळीस वर्षं पूर्ण झाली म्हणून तुम्हाला नोकरीवरून काढलं, आणि तेच काम करणारा पुरुष मात्र पंचावन्नपर्यंत राहिला, तर? बेल्जियमच्या गॅब्रिएल डेफ्रेन यांच्यावर १९६८ साली हीच वेळ आली. 'सबेना' या विमान कंपनीत त्या १९५१ पासून हवाई सुंदरी होत्या. (शब्दच बघा ना, सुंदरी म्हटलं की वय आलंच!) काम पुरुषांइतकंच, पगार मात्र कमी.

बाई गप्प बसल्या नाहीत. एलियान व्होगेल-पोल्स्की या वकीलबाईंनी त्यांची केस लढवली. आधार होता १९५७ च्या रोम कराराचा. युरोपातल्या सहा देशांनी केलेल्या त्या करारात ११९ वं कलम होतं, समान कामाला स्त्री-पुरुषांना समान वेतन. ते आलं कसं? फ्रान्समध्ये असा नियम आधीच होता. बाकीच्या देशांत बायका स्वस्तात राबल्या तर आपला माल महाग पडेल, ही त्यांची धास्ती! बायकांच्या कळवळ्यापेक्षा बाजाराचीच काळजी जास्त. पण कागदावर उतरलं ते उतरलंच.

आता, करार सरकारांमधला. त्यावर बोट ठेवून एखादी बाई मालकाकडे पैसे मागू शकते का? ८ एप्रिल १९७६ ला लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाने सांगितलं, हो, आपल्याच देशाच्या कोर्टात मागू शकते. मालक खासगी असला तरी. मात्र ब्रिटन आणि आयर्लंडने खर्चाचा बागुलबुवा उभा केला, आणि मागची थकबाकी आधीच दावा लावलेल्यांनाच मिळेल, असं ठरलं.

चाळिशीच्या अटीची केस मात्र त्या १९७८ मध्ये हरल्या. कलम पगारापुरतंच, असं न्यायालय म्हणालं. पण स्त्री-पुरुष भेद नाहीसा करणं हा मूलभूत हक्कांचाच भाग आहे, हेही त्याच निकालात लिहिलं. (आपल्याकडे पहिल्या गरोदरपणातच नोकरी काढून घेणारा एअर इंडियाचा नियम सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये घटनाबाह्य ठरवला.)

युरोपीय महासंघाची मूलभूत हक्कांची सनद २००० साली जाहीर झाली आणि डिसेंबर २००९ पासून बंधनकारक झाली. तिच्या २३ व्या कलमात नोकरी, काम आणि वेतन यांसह सगळ्याच क्षेत्रांत समानता आहे. डेफ्रेनबाईंच्या हाती होतं ते पगाराचं एवढंसं कलम.