मुलं गलाईला, आई-वडील गावात: अंथरुणाला खिळल्यावर सांभाळणार कोण?

सांगली जिल्ह्यातलं कडेगाव बाहेरच्यांना माहीत आहे ते मोहरमच्या उंच ताबुतांमुळे. या तालुक्याची आणि शेजारच्या खानापूर-आटपाडीची दुसरी ओळख म्हणजे गलाई. जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करण्याच्या या व्यवसायामुळे इथली कुटुंबं देशभरातल्या सराफ बाजारांत विखुरली आहेत. दुकान तिकडे, नातवंडांची शाळा तिकडे. घर, शेत आणि म्हातारे आई-वडील इकडे. दोघंही हिंडते-फिरते असेपर्यंत हे निभतं. एखाद्याला पक्षाघात झाला किंवा पडून खुब्याचं हाड मोडलं, की वृद्धाश्रमाचा विषय निघतो. बहुतेकदा फोनवरच.

वृद्धाश्रमात शुश्रूषा मिळते का?

प्रत्येक ठिकाणी नाही. अनेक वृद्धाश्रम स्वतःचं स्वतः आवरू शकणाऱ्यांनाच प्रवेश देतात. तिथे वेळेवर चहा-नाश्ता, दोन वेळचं जेवण, भजन, टीव्ही आणि बोलायला माणसं मिळतात. एकट्या माणसासाठी हेही थोडं नाही.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची गरज मात्र वेगळी असते. त्याला साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, रात्रीसुद्धा. नाहीतर माकडहाड आणि टाचांवर जखमा होतात, त्या भरायला कित्येक महिने लागतात. गिळायला त्रास असेल तर भाकरी दुधात कुस्करून, बसवून, सावकाश भरवावी लागते आणि जेवल्यावरही अर्धा तास बसतं ठेवावं लागतं. आडवं करून भरवलं तर घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. म्हातारपणी तहान कमी लागते, म्हणून पाणी आठवणीनं द्यावं लागतं.

त्यामुळे संस्था बघायला गेल्यावर बाग आणि देवघर पाहून निर्णय घेऊ नये. रात्री दोन वाजता किती माणसं जागी असतात, त्यात प्रशिक्षित नर्स आहे का, दवाखान्यात न्यायचं झालं तर सोबत कोण जातं, हे विचारावं. शक्य असेल तर संध्याकाळी, न कळवता जावं.

कायदा काय सांगतो?

आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणाचा कायदा २००७ चा. प्रत्येक जिल्ह्यात किमान एक, १५० जणांची सोय असलेला वृद्धाश्रम राज्य सरकार उभारू शकतं, असं त्यात म्हटलंय. पण 'उभारू शकतं' असंच म्हटलंय, आणि तोही निराधारांसाठी. ज्याची मुलं कमावती आहेत पण जवळ नाहीत, तो यात बसत नाही. खासगी केंद्रं आणि घरी येऊन सेवा देणाऱ्या संस्थांसाठी किमान दर्जा ठरवणारं दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत आलं होतं. त्याचा कायदा झाला नाही.

पैशांचं काय?

सत्तरी ओलांडलेल्यांना उत्पन्नाची अट न घालता वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत उपचार देणारी आयुष्मान योजना ऑक्टोबर २०२४ पासून आहे. पण ती रुग्णालयात दाखल झाल्यावरची. घरी ठेवलेल्या बाईचा पगार त्यातून निघत नाही आणि खरा खर्च तोच असतो.

केरळनं २००८ मध्येच उपशामक सेवेचं धोरण आणलं. तिथे पंचायतींमार्फत नर्स घरी येऊन जखमा बघते, कॅथेटर बदलते, घरच्यांना काळजी कशी घ्यायची ते शिकवते. रुग्णाला घर सोडावं लागत नाही. कडेगावसारख्या भागाला हेच जास्त मानवेल, कारण इथे घरं आहेत, शेजार आहे, नाही ती फक्त शिकलेली माणसं.

मुलं खर्चच देत नसतील तर आई-वडील राहत्या ठिकाणच्या प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करू शकतात. मुलगा परराज्यात असला तरी. निर्वाहखर्च महिन्याला जास्तीत जास्त १०,००० रुपये मिळू शकतो आणि अर्जाचा निकाल साधारण ९० दिवसांत लागावा अशी तरतूद आहे. कुठे जायचं हेच कळत नसेल, तर ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन मोफत आहे.