जोडी आणि जोड

शनिवार, संध्याकाळचे सव्वासात. पौडजवळच्या आमच्या घराच्या पडवीवर पाऊस वाजतोय आणि ताम्हिणीच्या बाजूचं आभाळ अजून गच्च आहे. समोर लॅपटॉप, लाईट गेली तर म्हणून चार्ज करून ठेवलेला मोबाईल, आणि टेबलावर १ ते १६ आकडे लिहिलेल्या कागदाच्या चिठ्ठ्या. साडेसातला आमची ऑनलाइन ब्रिजची स्पर्धा सुरू होते. प्रवेश फी नाही, पैशाचं बक्षीस नाही. कोथरूडचे निवृत्त शिक्षक आहेत, हिंजवडीच्या कंपनीतून नुकतीच सुटलेली दोन मुलं आहेत, नागपूरच्या मायलेकी आहेत. अशा १६ जोड्या. त्या खेळतात, मी जोड लावतो.

जोडी आणि जोड हे दोन शब्द आपल्याकडे वेगळे आहेत याचं मला फार बरं वाटतं. जोडी म्हणजे तुम्ही आणि तुमचा भिडू. जोड म्हणजे समोर कोण. हा दुसरा शब्द मी मुळशीतल्या जत्रांच्या आखाड्यात शिकलो. रेवड्यांवरच्या पोरांच्या कुस्त्यांपासून शेवटच्या मोठ्या कुस्तीपर्यंत वस्ताद मंडळी दोघांना शेजारी उभं करतात, अंगलट बघतात, कोण किती मेहनतीचा आहे ते आठवतात आणि मग जोड ठरवतात. जोड चुकली तर पहिल्या मिनिटाला पोरगं चितपट होतं आणि लोक दुसरीकडे बघू लागतात. जोड जमली तर हरलेल्याच्या पाठीवरही थाप पडते.

पत्त्यांत आधी नशिबाचा बंदोबस्त करावा लागतो. ५२ पानं चौघांत वाटण्याचे प्रकार २९ आकडी संख्येइतके आहेत; एखाद्याला नुसते एक्के-राजे आले तर त्यात त्याचं कौतुक ते काय? म्हणून स्पर्धेच्या ब्रिजमध्ये तीच पानं सगळ्या टेबलांवर खेळवतात आणि त्याच बाजूला बसलेल्या बाकी जोड्यांनी त्या पानांचं काय केलं, त्याच्याशी तुलना करतात. परवाचा एक डाव सांगतो. इस्पिक हुकूम, १० हातांची बोली. सात टेबलांवर बरोबर १० हात झाले, ४२० गुण. आठव्या टेबलावर एका जोडीनं आणखी एक हात काढला, ४५०. मागे टाकलेल्या प्रत्येक जोडीचे २ आणि बरोबरीचा १, या हिशेबानं त्या जोडीला १४ पैकी १४ मिळाले, बाकी सातांना ६-६. एका हाताचा फरक, पण तो कष्टानं काढलेला होता. असे चार डाव झाले की टक्केवारी काढायची आणि समोरासमोरच्या दोन जोड्यांत २० गुण वाटायचे.

क्लबात जोड लावण्याचं काम पायांनी होतं. उत्तर-दक्षिण बसून राहतात, पूर्व-पश्चिम एक टेबल पुढे सरकतात आणि पानांचे बोर्ड एक टेबल मागे येतात. जॉन मिचेल यांनी १८९१ मध्ये मांडलेली ही पद्धत. ऑनलाइन खेळात बोर्ड उचलून न्यायचे नसतात, खुर्च्या सरकवायच्या नसतात. कोणालाही कोणासमोर बसवता येतं. म्हणून तर कोणाला कोणासमोर बसवायचं, याचा विचार जास्त करावा लागतो.

१६ जोड्यांची बाद पद्धत ठेवली तर चार फेऱ्यांत विजेता मिळतो, पण पहिल्याच फेरीनंतर आठ जोड्या घरी जातात. सगळ्यांना सगळ्यांशी खेळवायचं तर १५ फेऱ्या आणि १२० सामने, रात्र संपेल. म्हणून आम्ही स्विस पद्धत वापरतो. १८९५ मध्ये झुरिचच्या बुद्धिबळ स्पर्धेत ती पहिल्यांदा वापरली गेली. कोणीही बाद होत नाही. प्रत्येक फेरीनंतर गुणांप्रमाणे यादी लावायची, पहिल्याला दुसऱ्यासमोर बसवायचं, तिसऱ्याला चौथ्यासमोर, आणि एकदा भेटलेल्यांची पुन्हा गाठ घालायची नाही. पाच फेऱ्या, ४० सामने, दहाच्या सुमारास झोपायला मोकळे.

ऐकायला सोपं आहे. तिसरी फेरी संपल्यावर मी चिठ्ठ्या मांडतो. वर ५, १२, ३, ९. पण ५ आणि १२ दुसऱ्या फेरीत भेटलेत, म्हणून ५ समोर ३ आणि १२ समोर ९. मधल्या आठ जोड्या बिनतक्रार लागतात. तळाशी उरतात १४, २, ७, १६. सरळ लावलं तर १४ समोर २, आणि उरतात ७ आणि १६. त्या तर पहिल्याच फेरीत भेटल्या होत्या. मग लागलेली जोड मोडायची: १४ समोर ७, २ समोर १६. कधी अशी मोडामोड यादीच्या मध्यापर्यंत चढत जाते. संगणक हे क्षणात करतो, तरी मी चिठ्ठ्या सोडत नाही. ‘आमच्यासमोर हेच का?’ असं कोणी विचारलं तर मला कारण सांगता आलं पाहिजे. ‘सिस्टिमनं लावलं’ हे उत्तर मी खेळाडूला देणार नाही.

पहिल्या फेरीला मात्र गुणच नसतात, आणि तिथेच मी एकदा चुकलो. तेव्हा मी जाणत्यांची यादी करून वरचा अर्धा भाग खालच्या अर्ध्यासमोर लावत असे: पहिली जोडी नवव्या क्रमांकासमोर, दुसरी दहाव्यासमोर. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ६० वर्षांचे प्रणव बर्धन आणि ५६ वर्षांचे शिबनाथ सरकार यांनी ब्रिजमध्ये सुवर्णपदक मिळवलं होतं. ते वाचून खेळ शिकलेली एक नवी जोडी आमच्याकडे आली. मी तिला थेट आमच्या एका मुरलेल्या जोडीसमोर बसवलं. चार डावांत २० पैकी १ गुण. दुसऱ्या फेरीला त्यांचं टेबल रिकामं होतं. पुढच्या शनिवारीही ते आले नाहीत, नंतरही कधी नाहीत. नियमात काही चूक नव्हती. चूक माझी होती.

तेव्हापासून पहिल्या फेरीचे दोन गट असतात: नवे नव्यांत, मुरलेले मुरलेल्यांत. दुसऱ्या फेरीपासून सगळे एका यादीत. यावर एक आक्षेप रास्त आहे. नव्यांत जिंकलेली जोडी यादीत वर जाते आणि दुसऱ्या फेरीत कसलेल्यांसमोर येते. येऊ दे. ती जागा त्यांनी स्वतः जिंकून मिळवलेली असते, आणि आता गमावण्यासारखं त्यांच्याकडे काहीतरी असतं. आज नागपूरच्या मायलेकी पहिली फेरी १५-५ नं जिंकल्या, दुसऱ्या फेरीत कोथरूडच्या मास्तरांकडून ६-१४ हरल्या, तिसऱ्या फेरीत त्यांना बरोबरीचं कोणी मिळालं आणि त्या पुन्हा जिंकल्या. हरलेल्या फेरीनंतर लेकीनं मला विचारलं, ‘काका, तिसऱ्या डावात आमची उतारी चुकली का?’ हा प्रश्न पडणारा माणूस खेळात राहतो.

चौथ्या फेरीत आमची लाईट गेली. मोबाईलवरून जोडलं. हिंजवडीच्या एका मुलाचं नेट तुटलं, त्याच्या जागी बदली खेळाडू बसवला, आठ मिनिटांत तो परत आला. चिठ्ठ्या मेणबत्तीच्या उजेडात लावल्या.

पाचव्या फेरीत माझं लक्ष वरच्या टेबलाकडे कमीच असतं. तिथले पहिल्या क्रमांकासाठी खेळणारच. मी बघतो आठवं टेबल. तिथं आज ७ आणि २ क्रमांकाच्या जोड्या होत्या. कितीही जिंकल्या तरी यादीत फार वर येणार नव्हत्या. शेवटच्या डावात ७ नंबरच्या भिडूनं राणी टाकायची की गुलाम यावर मिनिटभर विचार केला. बाकीचे तिघं थांबले. शेवटचं पान पडलं तेव्हा आठही टेबलं भरलेली होती. मी चिठ्ठ्या गोळा करून डबीत ठेवल्या.