प्रतीक्षेचे दिवे

दिवाळी सरली की वडवणी तालुक्यातील वाड्या-तांडे रिते होऊ लागतात. बीड-परळी मार्गावरील या कोरडवाहू टापूतून हजारो हात ऊसतोडणीसाठी बाहेर पडतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडावयाची असते, म्हणून नवरा-बायकोचा ‘कोयता’ पश्चिम महाराष्ट्रातील वा कर्नाटकातील एखाद्या साखर कारखान्याची वाट धरतो. मागे घराला कुलूप तरी लागते, नाही तर उंबरठ्यावर एखादी म्हातारी आजी आणि तिच्या आधाराने राहिलेली नातवंडे उरतात. हंगाम संपून माणसे परततील ती उन्हाळ्याच्या तोंडाशी. तोवर गावाने वाट पाहावयाची.

नेमक्या याच दिवसांत ख्रिस्ती पंचांगातील ‘आगमनकाळ’ सुरू होतो. नाताळापूर्वीचे चार रविवार सामावून घेणारा हा काळ नोव्हेंबरच्या अखेरीस किंवा डिसेंबरच्या आरंभी येतो. पाश्चात्त्य ख्रिस्ती परंपरेत उपासनेचे नवे वर्ष याच काळापासून मोजतात. वर्षाचा आरंभ जन्मोत्सवाने होत नाही, प्रतीक्षेने होतो, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. वडवणीच्या बाजारात हा शब्द फारसा कानी पडत नसेल. परंतु त्यामागील अनुभव तेथील उंबरठ्यांना परका खचितच नाही.

मराठीलाही ही प्रतीक्षा नवी नव्हे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यातील रायतूर येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाचे दोन भाग आहेत, आणि त्यांतील पहिले पुराण ख्रिस्तजन्मापूर्वीच्या काळाचे आहे. गुलामी, वनवास, परदेशातील बंदिवास अशा दुःखांतून गेलेला एक समाज तारणाऱ्याची वाट पाहत पिढ्यान् पिढ्या कसा तगून राहिला, याची ती कथा होय. आणि अखेर जन्म झाला तो कोठे? शिरगणतीसाठी परगावी आलेल्या, उतरावयास जागा न मिळालेल्या दांपत्याच्या पोटी, गुरांच्या निवाऱ्यात. फडाशेजारच्या कोपीत ज्यांची बाळंतपणे झाली, त्या माउल्यांना ही कथा समजावून सांगण्याची गरज पडणार नाही.

परंतु प्रतीक्षा दोन प्रकारची असते. एक हात जोडून बसणारी, दुसरी हात चालवणारी. आगमनकाळाशी निगडित असलेली दिव्यांची प्रथा दुसऱ्या प्रकारातून जन्मली. जर्मनीतील हाम्बुर्ग येथे योहान हिनरिश विखर्न या धर्मोपदेशकाने १८३३ साली दरिद्री व निराधार मुलांसाठी एक आश्रम काढला. नाताळ कधी येणार, असे मुले सारखी विचारीत, असे सांगतात. १८३९ साली विखर्नने गाडीचे एक जुने चाक घेतले आणि त्यावर मेणबत्त्या बसविल्या : रविवारच्या मोठ्या, इतर वारांच्या लहान. दररोज एक मेणबत्ती पेटवावयाची. दिवस मोजता मोजता मुले मोजणीही शिकली आणि धीर धरावयासही शिकली. पुढे त्या चाकाचे हिरव्या डहाळ्यांचे कडे झाले आणि मेणबत्त्या चारच उरल्या.

गाडीचे चाक! ऊसतोड कामगाराच्या संसारात या वस्तूइतके ओळखीचे दुसरे काय असेल? त्याच चाकाबरोबर मुलेही फडावर जातात आणि शाळेच्या हजेरीपटावरील त्यांच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणा वाढत जातात. ही गळती थांबावी म्हणून बीड जिल्ह्यात हंगामी वसतिगृहांची योजना राबविण्यात आली. आईबाप परतेपर्यंत मुलांनी गावातच राहावे, जेवावे, शिकावे, हा तिचा हेतू. २०२१ साली राज्य शासनाने संत भगवानबाबांच्या नावाने ऊसतोड कामगारांच्या मुला-मुलींसाठी स्वतंत्र वसतिगृहांची योजनाही हाती घेतली. अशा ठिकाणी संध्याकाळी पाढे म्हणवून घेणारा शिक्षक विखर्नचे नावही जाणत नसेल. पण मेणबत्ती तो तीच पेटवीत असतो.

अर्थात एवढ्याने अंधार संपला असे मानणे ही आत्मवंचना ठरेल. उचलीचा फास सुटलेला नाही. जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न इतका गंभीर झाला की, २०१९ साली शासनाला त्यासाठी चौकशी समिती नेमावी लागली. मजुरीचा, आरोग्याचा आणि पाण्याचा प्रश्न वसतिगृहाच्या एका दिव्याने सुटत नाही. मग त्या दिव्याला अर्थ काय?

त्याचे उत्तर आगमनकाळाच्या क्रमातच आहे. उत्तर गोलार्धात हे चार आठवडे दिवस आखडत जाण्याचे असतात. २१-२२ डिसेंबरला रात्र सर्वांत मोठी होते. तरीही दर रविवारी कड्यावरील पेटत्या मेणबत्त्यांची संख्या वाढतच जाते. रात्र लहान होईल तेव्हा दिवा लावू, असे तेथे कोणी म्हणत नाही. पहिल्या आठवड्यात एकच ज्योत असते, आणि ती एक आहे म्हणून कोणी तिला फुंकर घालीत नाही.

वडवणीतील शिक्षकाने, ग्रामसेवकाने, महाविद्यालयीन विद्यार्थ्याने एवढेच ध्यानी घ्यावे. हंगाम सुरू होताना गावातून कोणती मुले निघाली आणि कोणती राहिली, याची यादी करणे; राहिलेल्यांपैकी एकाला रोज तासभर शिकविणे; एखाद्या आजीचा दवाखान्याचा कागद वाचून दाखविणे, ही कामे लहान आहेत. पण आईबाप परततील तेव्हा लेकराने त्यांना फळ्यावर आपले नाव लिहून दाखवावे, असे वाटत असेल, तर त्याची सुरुवात आज, ऐन काळोखातच करावी लागेल.