आपणहून सोसलेलं: मराठी ख्रिस्ती कृतज्ञतेची चारशे वर्षं

योहानाच्या शुभवर्तमानात महायाजकासमोर बांधून आणलेल्या येशूला एक शिपाई चपराक मारतो. येशू त्या वेळी गप्प राहत नाही. माझं बोलणं चुकलं असेल तर दाखवून दे, चुकलं नसेल तर मारतोस का, असं तो विचारतो. त्याच्या आदल्या प्रहरी बागेत त्याचा शिष्य पेत्र याने तलवार उपसली होती; ती येशूनेच म्यान करायला लावली. रोमन सुभेदार पिलाताला त्याच्यात दोष सापडला नाही, तरी शिक्षा झालीच. म्हणजे येशू मरणाकडे आपणहून गेला, पण अन्यायाला अन्याय म्हणत गेला. ख्रिस्ती माणूस त्याचे उपकार मानतो ते या दोन्ही गोष्टींसाठी. यातली एक सुटली की भक्ती बिघडते, आणि मराठीतही ती कधीकधी बिघडलेली आहे.

मराठीत ही कथा प्रथम भरभरून सांगितली गेली ती दक्षिण गोव्यातल्या साष्टीत. 1579 मध्ये गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये रायतूरला छापलं गेलं. जवळपास 11,000 ओव्या, आणि भाषा अशी की मराठीवर जीव जडलेल्या माणसानेच लिहावी. पण ज्यांच्यासाठी ते लिहिलं, त्या साष्टीकरांची देवळं 1567 च्या सुमारास पोर्तुगीजांनी पाडली होती. त्यांची जुनी पुराणंही त्यांच्याकडून हिरावून घेतली होती. सत्तेने चिरडलेल्या ख्रिस्ताची गोष्ट सत्तेनेच चिरडलेल्या लोकांना सांगितली गेली. हे झाकून स्टीफन्सच्या ओव्यांची गोडी गाणं मला जमत नाही. तरीही लोकांनी ती गोष्ट आपली मानली. 1684 मध्ये पोर्तुगीजांनी स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान काढलं. पुराणाच्या हस्तलिखित प्रती मात्र माणसांनी जपल्या, आणि 1907 मध्ये मंगळूरला त्यांवरून ते पुन्हा छापलं गेलं. उत्तर कोकणातल्या ख्रिस्ती समाजासाठी फ्रान्सिस्कु वाझ द गिमारांइश या पाद्र्याने येशूच्या दुःखसहनाचं वेगळं पुराण रचलं. 1659 मध्ये छापलेलं हे पुराण उपवासकाळात गायलं जाई.

या सगळ्या परंपरेत मला सर्वांत मोलाच्या वाटतात त्या पंडिता रमाबाई. दुःख म्हणजे काय हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली, पुढे ऐन तारुण्यात वैधव्य आलं. विधवेने सोसावं, कारण ते तिच्या पूर्वजन्मीचं फळ, असं सांगणारा समाज भोवती होता. 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेजच्या सिस्टर्सनी त्यांना लंडनमधल्या फुलहॅमच्या आश्रमात पाठवलं. समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांची सिस्टर्स तिथे मायेने सेवा करत होत्या. हे तुम्ही का करता, असं रमाबाईंनी विचारलं, तेव्हा त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्रीची गोष्ट सांगितली गेली. त्याच वर्षी 29 सप्टेंबरला त्यांचा बाप्तिस्मा झाला.

त्यांच्या कृतज्ञतेला पुढे जे वळण लागलं ते पाहण्यासारखं आहे. ख्रिस्ताने सोसलं म्हणून तूही सोस, असं त्यांनी एकाही बालविधवेला सांगितलं नाही. 1889 मध्ये विधवांसाठी शारदा सदन काढलं. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली, बायका गोळा करून केडगावला आणल्या, त्यांच्या हाताला काम दिलं. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून त्यांनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात स्त्रियांनी छापलं. रमाबाई 1922 मध्ये गेल्या. पुस्तक 1924 मध्ये पूर्ण होऊन बाहेर आलं.

नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि उपकारस्मरणाला अभंगाची चाल दिली. त्यांचं ‘ख्रिस्तायन’ 1919 मध्ये त्यांच्या निधनाने अपुरं राहिलं, ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुढे नेलं. आपल्या काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी ‘सुबोध बायबल’ लिहिलं आणि वसईच्या जमिनी गिळणाऱ्यांविरुद्ध रस्त्यावरही उभे राहिले. मला हे दोन्ही एकाच भक्तीचं काम वाटतं.

ही भक्ती आज काय मागते, ते पाहायला आता नवी मुंबईतल्या कळंबोलीत येऊ. सिडकोच्या इमारती, लोखंड बाजार, मालट्रक, द्रुतगती मार्गाचं तोंड. पोटासाठी ठिकठिकाणहून आलेली माणसं, त्यांत ख्रिस्ती कुटुंबंही. इथून थोड्याच अंतरावर तळोजा कारागृह आहे. ऑक्टोबर 2020 मध्ये रांचीत अटक झालेले 83 वर्षांचे जेझुइट फादर स्टॅन स्वामी याच कारागृहात होते. कंपवाताने पेला हातात धरवत नसे. स्ट्रॉ आणि सिपरसाठी न्यायालयात अर्ज करावा लागला. जामीन मिळाला नाही. 5 जुलै 2021 रोजी वांद्र्याच्या रुग्णालयात ते कैदी म्हणूनच वारले. ज्यांवरून अटक झाली, ते एल्गार परिषद प्रकरणातले आरोप त्यांनी नाकारले होते. त्या आरोपांची शहानिशा करणारा खटला त्यांच्या हयातीत उभाच राहिला नाही.

किंमत मोजायची आपली तयारी असल्याचं त्यांनी अटकेआधी सांगून ठेवलं होतं. त्या तयारीचा आदर करावा, पण तिच्या आड त्यांना सोसावं लागलेलं हलकं करू नये. त्या चपराकीचा जाब येशूनेही विचारला होताच. स्टॅन स्वामींनी झारखंडच्या उच्च न्यायालयात कच्च्या कैदेत खितपत पडलेल्या आदिवासी तरुणांसाठी दाद मागितली होती. आपल्यावर आरोप काय हेही ज्यांना ठाऊक नाही, अशा गरीब कैद्यांबद्दल त्यांनी तळोज्यातूनही लिहिलं. कळंबोलीतल्या गुड फ्रायडेच्या प्रार्थनेत या कैद्यांना जागा हवी. आणि प्रार्थना संपल्यावर त्यांच्यासाठी वकील शोधणारी, जामिनाची रक्कम उभी करणारी, गजाआड त्यांना भेटायला जाणारी माणसंही त्याच बाकांवरून उठायला हवीत.